लॅपटॉपने कात टाकली

एका कंपनीने आपल्या महागड्या लॅपटॉपची नव्या रंगातली नवी मालिका आणली. मोठे साहेब कर्णिक यांनी दुकानदारांना बोलावून बजावलं, "गेल्या वर्षीचे लॅपटॉप शोकेसमधून काढा, नाहीतर एजन्सी विसरा."

सगळे नव्या रंगाचं कौतुक करू लागले. संगमनेरच्या शैलाताई खर्डे यांच्या दुकानात मात्र गेल्या वर्षीचा बराच माल पडून होता. त्यांनी विचारलं, "साहेब, आत काय बदललं?"

साहेबांनी नव्या लॅपटॉपच्या चकचकीत झाकणावरून हात फिरवला. ते ऐटीत म्हणाले, "ताई, आमच्या लॅपटॉपने कात टाकली आहे."

"कात टाकली, म्हणजे साप तोच ना? मग गेल्या वर्षीचाही राहू द्या की शोकेसमध्ये."

हशा पिकला. साहेब ओशाळून म्हणाले, "दोन्ही ठेवा, ताई. फक्त गिऱ्हाइकासमोर साप म्हणू नका."