गळणारी झडप

फार पूर्वी एका राज्यात, डोंगराच्या कुशीत कढत पाण्याचा झरा होता. राजाच्या म्हाताऱ्या आईचे गुडघे फार दुखत. त्या पाण्यानं तिला आराम पडेल म्हणून राजानं पायथ्याशी कुंड बांधलं आणि झऱ्यापासून कुंडापर्यंत नळ घातला. राहिली फक्त झडप. पाणी सोडायचं आणि वेळेवर अडवायचं काम तिचं. ती अडली, तर कुंडातलं माणूस भाजून निघणार!

राजानं दवंडी पिटवली. वाड्यावरचा लोहार लगेच भट्टी पेटवून बसला. गावातली एक तांबटीण मात्र झऱ्यावर गेली. तिनं पाण्याचा वास घेतला. लोखंडाचा एक आणि काशाचा एक तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला आणि पंधरा दिवस रोज बघून आली. लोक म्हणाले, "हिला झडप करायचीय की भात शिजवायचाय?"

परीक्षा झाली वाड्याच्या चौकात, विहिरीच्या गार पाण्यावर. लोहाराची झडप काळीभोर, भक्कम. थेंब सुटेल तर शपथ! तांबटिणीची काशाची झडप मात्र बंद केली तरी टपटप गळत राहिली. चौकात हशा पिकला.

"महाराज, ही या पाण्यासाठी घडवलेलीच नाही," तांबटीण म्हणाली.

"पाणी ते पाणी!" लोहार म्हणाला. राजानं त्याच्या हातात सोन्याचं कडं घातलं.

तांबटीण जागची हलली नाही. "मला बक्षीस नको. फक्त माझीही झडप नळाच्या वरच्या अंगाला बसवू द्या."

"बसव गं," राजाची आई म्हणाली. "कुंडात मी बसणार आहे. एकीला दोन असू देत."

आणि तो दिवस उजाडला! ढोल वाजले, सगळं गाव लोटलं. म्हातारी कुंडात बसली. लोहारानं झडप उघडली, वाफाळतं पाणी आलं, कुंडातलं गार पाणी छान कोमट झालं.

"पुरे!" राजा म्हणाला.

लोहारानं मूठ फिरवली. फिरेना! घट्ट बसवलेलं लोखंड तापून फुगलं होतं. चौघे लोंबकळले तरी मूठ हलेना. पाणी येतच राहिलं, चटके बसू लागले. म्हातारीला उठता येईना.

"आई!" राजा ओरडला आणि पाण्यात धावला.

तांबटीण चढावर पळत सुटली. तिनं आपल्या झडपेची मूठ धरली आणि एका हातानं फिरवली. पाणी बंद! एक थेंबसुद्धा नाही!

राजानं आईला उचलून बाहेर आणलं. पाय लालबुंद झाले होते, पण म्हातारी धड होती. राजाचा जीव भांड्यात पडला.

"अगं, तुझी तर गळत होती ना?" त्यानं तांबटिणीला विचारलं.

"गारव्यात गळणारच, महाराज. तापल्यावर फुगायला तिला जागा ठेवली होती. आणि हे बघा." तिनं दोऱ्याला बांधलेले तुकडे पुढे केले. लोखंडाला खड्डे पडले होते, कासं जसंच्या तसं होतं.

म्हातारीनं लेकाकडे पाहिलं. "कढत पाण्याच्या झडपेची परीक्षा गार पाण्यात घेणारा तो शहाणा कोण रे?"

"मीच, आई," राजा म्हणाला.

तात्पर्य काय, तर वस्तू जिथे राबणार तिथलं पाणी आधी जाणावं, आणि तिची पारखही तिथेच करावी.