घड्याळ, खिडकी आणि धोंडू कासले

घराघरावर कौलं होती, तेव्हाची गोष्ट. कौलांच्या कारखान्यात फाटकावरचं घड्याळ हजेरी घेई आणि खिडकी पगार वाटे. दोघांच्या याद्या वेगळ्या, तोरा मात्र सारखाच. एकमेकांशी बोलणं म्हणून नाही.

एका पगाराला खिडकीने हाक मारली, "धोंडू कासले!" पगाराच्या रांगेतच उभ्या असलेल्या त्याच्या विधवेने डोळ्यांना पदर लावला.

"तो गेला, हे मला ठाऊक होतं," घड्याळ म्हणालं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

खिडकी वरमली. तेव्हापासून दोघांच्या मधे टांगलेली कारखान्याची घंटा त्यांचे निरोप पोचवू लागली. घड्याळ घड्याळच राहिलं, खिडकी खिडकीच. पण घड्याळाला विचारल्याशिवाय खिडकीने पुन्हा कुणाला हाक मारली नाही.

आता कारखाना बंद आहे. तरी पगाराच्या दिवशी खिडकी विचारते, "आज कोण कोण आलंय?"

थांबलेलं घड्याळ धोंडूपासून एकेक नाव सांगू लागतं.