पहिल्या पेल्याचा मान

'शरण' ह्या शब्दाचा संस्कृतातला एक जुना अर्थ आहे घर, आसरा. आपण तो शब्द रणांगणावर नेऊन ठेवला आणि शरण जाणे म्हणजे शस्त्रे टाकणे, एवढेच समजून बसलो. आसऱ्याला गेलेल्या माणसाला दाराची कडी आतून घालता येते, हे मात्र विसरलो. पुढची कथा त्या कडीची आहे.

फार पूर्वी एका रुंद नदीच्या काठी एक गाव होते, आणि त्या गावात एक नावाडी होता. नदीवर पूल नव्हता. दोन्ही तीरांना जोडणारी त्याची एकच नाव. हात बळकट, नदीची जाण उत्तम. पण दारूने त्याला पुरते गिळले होते. एकदा त्याची लेक मामाकडून परतताना पैलतीरावर भर पावसात उभी राहून हाका मारीत राहिली, आणि बाप ऐलतीराला नावेतच पालथा पडला होता. हाका त्याला ऐकू येत होत्या. उठता येत नव्हते.

शुद्धीवर आल्यावर त्याने देवळात बेलभंडार उचलून शपथ घेतली. ती मोडली. पुन्हा घेतली, पुन्हा मोडली. शेवटी बायको म्हणाली, "आता देवाला तरी खोट्यात पाडू नका."

पैलतीरावर एक म्हातारा लोहार राहत असे. एके काळी तोही असाच पीत असे. नावाडी त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, "बाबा, सोडीन म्हणतो आणि सुटत नाही. ह्याहून कडक शपथ कोणती?"

लोहार भाता ओढता ओढता हसला. "शपथ कोणाच्या बळावर घेतोस?"

"माझ्या."

"बळ आहे?"

नावाड्याने नकारार्थी मान हलवली.

"मग हेच देवाला सांग," लोहार म्हणाला. "रोज नाव सोडण्यापूर्वी सांग, माझ्याच्याने होत नाही, आजचा दिवस मला तुझ्या आसऱ्याला ठेव. आणि दिवस मावळला की इथे येऊन बस. दिवसभर मन काय काय सांगत होतं, ते खरं खरं बोल. मग माझंही ऐक. मलासुद्धा अजून ऐकणारं माणूस लागतं."

"एवढंच?"

"एवढंच करून बघ. मग सांग मला, सोपं आहे का."

सोपे नव्हते. देवाकडे बळ मागणे त्याच्या सवयीचे होते. आपल्याजवळ बळ नाही, हे कबूल करणे जिभेला जड जात होते. तरी तो रोज तेवढे म्हणत राहिला, संध्याकाळी भात्यापाशी बसत राहिला, आणि वर्षभर दारूच्या थेंबाला शिवला नाही. लेक पुन्हा बापाच्या नावेत बसू लागली.

मग जत्रा आली. गावच्या भैरवाला दारूचा नैवेद्य असे. त्या दिवशी देवाचा मुखवटा नावेतून पैलतीरावर, त्याच्या बहिणीच्या देवळात नेत. देवाला नेणारा नावाडी, म्हणून नैवेद्यातला पहिला पेला नावाड्याचा. हा त्याच्या घराण्याचा पिढीजात मान होता. आदल्या वर्षीपर्यंत त्याने तो आनंदाने उपभोगलाही होता.

गुरवाने पेला पुढे केला. ओळखीचा वास आला आणि नावाड्याच्या तोंडाला पाणी सुटले. मन लाडीगोडीने म्हणू लागले, 'देवच देतो आहे. तू थोडाच मागितलास?'

"घे रे," पाटील म्हणाले. "ही काय गुत्त्यातली आहे? तीर्थ आहे हे."

नावाड्याचा हात पुढे गेलाच होता. तो त्याने महत्प्रयासाने मागे घेतला. "पाटील, गुत्त्यातली असो की गाभाऱ्यातली, एकदा पोटात गेली की ती मला एकाच वाटेने नेते."

गर्दीत हशा पिकला. "लोहाराने दीक्षा दिली वाटतं!" कोणी म्हणाले. दुसरा ओरडला, "अहो, बायकोला विचारायचं राहिलं असेल! नको असेल तर मला द्या!"

"नको आहे असं नाही," नावाडी म्हणाला. "फार हवी आहे. म्हणूनच घेणार नाही."

गुरवाने डोळे वटारले. "देव कोपेल. नाव बुडेल."

"गुरवबाबा, मी रोज सकाळी ह्याच देवाच्या आसऱ्याला जातो. त्याच्याच घरातून, त्याच्याच नावाने, मला बाहेर ओढू नका. कोपायचं असेल तर त्याने कोपावं. त्याच्या वतीने तुम्ही कोपू नका."

"मग मान गेला," पाटील म्हणाले. "तुझ्या आज्याने, बापाने राखलेला मान. पुन्हा मिळायचा नाही."

नावाड्याचे डोळे भरून आले. पण त्याने तो भरलेला पेला देवापुढे ठेवला, वल्हे चुलतभावाच्या हाती दिले आणि तो बाजूला झाला. चुलतभावाने पेला रिकामा केला आणि देवाला पलीकडे नेले. नाव बुडाली नाही. देवही काही बोलला नाही.

वर्षभर गाव नावाड्याला 'बिनमानाचा' म्हणून हिणवीत राहिले. तो लोकांना पार उतरवीत राहिला. इकडे चुलतभावाचा जत्रेतला पेला घरी आला, घरातून गुत्त्यात गेला आणि मग त्याला रोज बोलावू लागला. एका संध्याकाळी तो लोहाराच्या दारात येऊन खाली मान घालून उभा राहिला. "दादा, मलाही बसू द्या." नावाड्याने सरकून जागा केली.

पुढच्या जत्रेला गुरवाने पेला पुढे केला, तेव्हा चुलतभावाने हात मागे बांधले.

पाटील लालबुंद झाले. "दुसरा कोण आहे?"

पेला धरायला दहा हात पुढे आले. वल्हे धरायला एकही नाही. त्या वर्षी नदीला ओढ फार होती. ऊन चढत गेले, मुखवटा तापला, वाजंत्री वाजवून थकले. पाटलांनी गुरवाकडे पाहिले, गुरवाने नदीकडे.

तेव्हा नावाडी नावेत चढला. "देवाला बसवा," तो म्हणाला. "पेला काठावरच राहू द्या."

गुरवाने मुखवटा उचलून नावेत ठेवला. देव पार गेला, आणि पहिल्या पेल्याचा मान त्या काठावरच संपला.

ह्या कथेतून घ्यायचे ते एवढेच: ज्या देवाच्या आधाराने माणूस सावरतो, त्याच देवाचे नाव घेऊन कोणी त्याला पुन्हा पाडू पाहिले, तर तोंडावर नकार देणे हीच त्याची भक्ती.

हल्ली ही कथा सांगणारे शेवटी एक चमत्कार जोडतात: नावाड्याने पेला देवापुढे ठेवताच दारूचे दूध झाले, आणि त्याची तलफ कायमची गेली. हे साफ चुकीचे आहे. तलफ गेली नव्हती. आणि पेल्यातली दारू शेवटपर्यंत दारूच होती.