सगळ्यांचं घेणं चालू

“मग अडलंय कुठं, त्र्यंबक?” महाराजांनी विचारलं.

त्र्यंबक म्हणजे मठातले कॉम्प्युटर बघणारा शिष्य. शहरात शिकलेला, आणि ते कुणी विसरू नये याची काळजी घेणारा.

“अडायला नको खरं तर. डोंगरावर नेटची लाइन एकच, तीही दोऱ्याएवढी. सगळी यंत्रं एकदम अपडेट ओढायला लागली की बसतेच. म्हणून मी युक्ती लावली. बाहेरून एकानंच आणायचं, बाकीच्यांनी शेजाऱ्याकडून घ्यायचं. तालुक्यात कुणाला सुचली नसती...”

“आलं का?”

“...नाही.”

मठाच्या दवाखान्याच्या पायरीवर गिरजा नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. त्याच्या छातीत कळा येत होत्या. मोबाइलला रेंज नाही, मठाची जीप तालुक्याला गेलेली. शहरातला डॉक्टर पडद्यावर दिसला तर काही इलाज सांगणार. दवाखान्यातल्या यंत्राच्या पडद्याचं एकच पालुपद : अपडेट झाल्याशिवाय चालणार नाही.

महाराज उठले. खोलीखोलीत गेले.

कोठीवाले रामगिरी म्हणाले, “आमच्या यंत्राचं शेजाऱ्याला देणं बंद ठेवलंय. दिलं की यंत्र दमतं म्हणतात.”

“आणि घेणं?”

“घेणं चालू आहे की!”

शाळेत तेच. गोशाळेत तेच. वर “आमचंच सापडलं व्हय?” हे फुकट.

“बाहेरून आणणारं यंत्र कुणाचं?”

त्र्यंबक वायरी चाचपू लागला.

“कुणाचं रे?”

“माझं... सकाळी माझं काम तुंबत होतं, महाराज. म्हणून आणणं थांबवलं. म्हटलं, तोवर घेतील एकमेकांकडून.”



त्र्यंबक पळाला. आणणं चालू केलं. खोल्या पालथ्या घालून सगळ्यांचं देणं चालू केलं. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली...

पायरीवरून गिरजेचा हंबरडा आला.

 कुणी कुणाकडं बघेना.

काही वेळानं दवाखान्यातला पडदा उजळला. डॉक्टर दिसला. म्हणाला, “हां, बोला. पेशंट कुठंय?”

त्र्यंबक दारात येऊन उभा राहिला. 

“महाराज... आलं. आता काय करू?”

महाराजांनी मान वर केली नाही.

“जा. गिरजेला सांग, आलं म्हणून.”