विरजणाचे मडके

एकदा एक तुपाचा व्यापारी पत्नीला घेऊन एका वृद्ध वैद्यांच्या डोंगरावरच्या आश्रमात आला. पालखीतून उतरतानाच त्याला धाप लागली. लग्नाला नऊ वर्षे झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. पत्नीने सोळा सोमवार केले, प्रदोष धरले. आता सासूबाईंनी निर्वाणीचे सांगितले होते, "येत्या मार्गशीर्षात मी दुसरी सून आणणार."

पत्नीला ओसरीवर बसवून व्यापारी आत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "वैद्यबुवा, दोष तिचा नाही हो. माझ्याच अंगात उमेद राहिली नाही. पुरुषपण सरल्यासारखं वाटतं. एखादं जालीम लेह्य द्या."

"आहार कसा आहे?"

"अहो, तिच्याबरोबर मीसुद्धा सगळे उपास करतो!"

ओसरीवर बांगड्या वाजल्या. "करतात ना! साबुदाण्याचे वडे, रताळ्याचे तुपातले काप, वर वाटीभर बासुंदी. मी एका केळ्यावर असते, आणि यांचा उपास तळता तळता माझे हात भरून येतात."

शिष्याला हसू आवरेना. वैद्य मात्र गंभीरपणे त्याला म्हणाले, "कालच्या दह्याचं मडकं आण. घासू नकोस. आत्ता काढलेलं दूध त्यात ओत." शिष्य गोंधळला, पण त्याने तसे केले. ते मडके व्यापाऱ्याच्या हाती देऊन वैद्य म्हणाले, "आज सोमवार. संध्याकाळी धर्मशाळेत याच दुधाची खीर करून नैवेद्य दाखवा. उद्या या, मग औषधाचं बघू."

दुसऱ्या दिवशी व्यापारी पत्नीसह, ते मडके घेऊन तावातावाने आला. "दूध तापवायला ठेवलं नि फाटलं! माझा नैवेद्य बुडाला. गाय आजारी आहे का तुमची?"

"मीच काढलं होतं दूध, चांगलं ताजं!" शिष्य म्हणाला.

"गाय उत्तम, दूधही उत्तम," वैद्य शांतपणे म्हणाले. "पालटवलं ते मडक्यानं. शेठजी, पुरुषाच्या देहात पौरुषाचा रस रोज तयार होतो. पण अंगावरची फाजील चरबी नुसती बसून राहत नाही, ती विरजणाचं काम करते. त्यातला काही रस ती स्त्रीदेहात अधिक असणाऱ्या रसात पालटून टाकते. तो रस पुरुषालाही थोडा लागतोच, घरात थोडं दही लागतं तसा. पण फळीवर दह्याची मडकीच मडकी दिसली, तर गवळण दूध कमीच घालणार ना? तसा देहही मूळ रस कमी करतो. मग उमेद जाते, चरबी आणखी चढते. अशात लेह्य देणं म्हणजे त्याच मडक्यात पुन्हा दूध ओतणं."

पत्नीने मडके घासायला हात पुढे केला. वैद्यांनी ते व्यापाऱ्यापुढे सरकवले. "तुम्ही घासा."

व्यापारी घामाघूम होईपर्यंत राखेने घासत राहिला. "वास जात नाही हो!"

"एका दिवसात जायचा नाही. राख, कढत पाणी, ऊन, आणि हे रोज. देहाचंही तसंच. पालखी सोडा, पायी चाला. व्रताच्या दिवशी हिच्या पानात असेल तेवढंच तुमच्या पानात."

"आणि मूल?"

"ते देणं माझ्या हातात नाही. पण काल मला हळूच सांगितलंत ना, ते घरी आईंना मोठ्यानं सांगा."

व्यापाऱ्याने मान खाली घातली. मडके मात्र त्याने सोबत नेले.

मार्गशीर्ष आला नि गेला, दुसरी सून आली नाही. पुढच्या वर्षी तिघे आश्रमात आले. व्यापारी निम्म्याने उतरला होता आणि पायी डोंगर चढूनही त्याला धाप लागली नव्हती. मागून सासूबाई पालखीतून उतरणाऱ्या सुनेचा हात धरून म्हणत होत्या, "जपून गं, सातवा आहे."

पत्नीने वैद्यांच्या पायांवर डोके टेकले. "बाळ येईल ती देवाची कृपा, तुमचे उपकार. पण खरं सांगू? ज्या दिवशी यांनी सासूबाईंसमोर 'हिचा दोष नाही' म्हटलं, त्याच दिवशी माझ्या सगळ्या व्रतांचं फळ मला मिळालं."

सोबत आणलेल्या त्याच मडक्यात खीर होती, गोड, जराही न फाटलेली. शिष्याने ती सर्वांना वाढली, मग मडके घासायला घेतले. ते कसे घासायचे, हे आता कोणी त्याला सांगायची गरज उरली नव्हती.

सख्यांनो, येत्या सोमवारी घरधन्याच्या पानात तिसरा वडा वाढताना हात जरा थांबला, तर तीही देवाला पोचलेली सेवाच समजा.