भिवराई आधी आली

टेकडीवरच्या म्हसोबाला अजून देऊळही नव्हतं, नुसता शेंदूर फासलेला दगड होता, तेव्हाची ही गोष्ट. खडकओहळ गावात भिवराई नावाची धनगरीण होती. लांडगा मेंढरामागं लागला की ही लांडग्यामागं लागायची. धावताना वाऱ्याला दम लागायचा, हिला नाही, असं म्हणतात.

जत्रेत ओढ्यापासून म्हसोबापर्यंत शर्यत व्हायची. पहिल्या येणाऱ्याला येसाजी पाटील आपल्या हातानं फेटा बांधायचे. एका वर्षी भिवराई पदर खोचून गड्यांच्या रांगेत उभी राहिली.

"बाई पळाली तर देव कोपेल," पाटील म्हणाले.

"पाटील, पळायला पाय लागतात का मिशा?"

लोक हसले आणि तिला ओढून रांगेबाहेर काढलं.

वाट गड्यांची, म्हणून भिवराई बाजूच्या बाभळींतून पळाली. काटे आपणहून मागे सरले, असं म्हणतात. तसं म्हणणं आपल्याला सोयीचं आहे. तिचे पाय रक्तानं माखले होते.

तिनं म्हसोबाला हात लावला तेव्हा सुभानजी, सगळ्यांत पुढचा गडी, अजून चढावर होता. गावानं पाहिलं. पाटलांनी फेटा सुभानजीला बांधला.

"फेटा नको मला," भिवराई म्हणाली. "मी आधी आले, एवढं म्हणा कुणीतरी."

 त्या गर्दीत आपलेच आजे-पणजे होते. सगळे खाली बघत राहिले. ती बराच वेळ थांबली. मग टेकडीच्या पलीकडं पळत उतरली, ती परत कुणाला दिसली नाही.

पुढच्या जत्रेला पाटील फेटा बांधायला गेले तर तो कुणाच्या डोक्यावर टिकेना. पीळ घातला की सुटे, गाठ मारली की सुटे. शेवटी सुभानजी पुढं आला. मान वर न करता म्हणाला, "गेल्या वर्षी मी दुसरा आलो होतो."

तेव्हा कुठं गाठ बसली, असं म्हणतात. पण भिवराईला ते ऐकू गेलं नाही.

तेव्हापासून खडकओहळच्या शर्यतीत बाया-गडी एकत्र धावतात. पहिला नंबर तिथं कुणालाच देत नाहीत. सगळ्यांच्या आधी जो किंवा जी पोचेल, ती व्यक्ती म्हसोबाला हात लावते, गावाकडं तोंड करते आणि मोठ्यानं ओरडते, "भिवराई आधी आली!" आणि त्या वेळी खाली बघायची कुणाला मुभा नसते.