लोखंडाचा पारखी

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर सिंहासनावर राजे बसत होते आणि रस्त्यांवर ट्रकही धावत होते. असा काळ खरेच कधी होता का, हे गोष्टीला विचारायचे नसते.

एका राज्यात मका पिके. डोंगराच्या उतारावर मका, नदीच्या काठाला मका. लोक मक्याची भाकरी खात, मक्याच्या कण्या शिजवत, आणि पाहुणा आला की कोवळी कणसे निखाऱ्यावर भाजून त्याच्यापुढे ठेवत.

त्या राज्याच्या राजाने एक लढाई जिंकली. लढाई तशी लहानच होती, पण राजाचा आनंद मोठा होता. राजधानीच्या वेशीपाशी लोखंडाचा विजयस्तंभ उभारायचा, देवळाच्या कळसाहून उंच, असे त्याच्या मनाने घेतले. पण एवढे लोखंड आणायचे कोठून?

प्रधान म्हणाला, "महाराज, गावोगाव जुनाट यंत्रे पडली आहेत. जे यंत्र आपल्या धन्याहून वयाने मोठे असेल, ते सरकारजमा करावे. स्तंभात गेले तर त्या लोखंडाचे सोनेच होईल."

राजाला ते पटले. त्याने आपल्या पारख्याला बोलावले आणि गाड्या जोडून गावोगाव पाठवले.

हा पारखी मोठा नामांकित. लोखंड तो कानाने ओळखी. हातोडीने हलकेच ठोका द्यायचा, डोळे मिटायचे आणि ऐकायचे. खणखणीत नाद आला, तर लोखंड निरोगी. बद्द आवाज आला, तर आत कुठे तरी तडा. माणूस वाईट नव्हता. कुणावर ओरडत नसे, कुणाकडून लाच खात नसे. यंत्राला ठोका देई, वय विचारी, खडूने त्यावर फुली मारी, आणि शिपाई ते सुटे करून गाडीत टाकत.

पण एक गोष्ट अशी होती, की राजाचा माणूस येतोय हे कळताच गावकरी भीतीने हातातले काम टाकत आणि हात जोडून उभे राहत. त्यांच्यामागे यंत्रेही मुकाट उभी असत. त्यामुळे पारख्याने आयुष्यभर यंत्रे पाहिली ती उभी. ट्रक पाहिले ते उभे. जुन्या यंत्राला काम करताना त्याने कधी पाहिलेच नव्हते.

होता होता सगळी गावे झाली. उरले एक, माळावरचे, अगदी शेवटचे. आश्विन सरत आला होता. गाड्या लोखंडाने भरल्या होत्या, बैल थकले होते, आणि पारख्यालाही घराची ओढ लागली होती. सकाळच्या उन्हात तो चढण चढत होता, तेवढ्यात त्याच्या कानावर एक आवाज आला.

टुक्-टुक्-टुक्-टुक्. त्याच्याखाली खोल घरघर, आणि त्या दोहोंवर कशाची तरी अखंड सरसर. पारखी जागच्या जागी थांबला. असा आवाज त्याच्या कानांनी कधी ऐकला नव्हता. गाड्या तिथेच सोडून तो एकटाच चढण चढून वर गेला.

वर मक्याचे खळे लागले होते.

मधोमध एक मळणीयंत्र होते, घराएवढे. त्याचा रंग कधीच उडून गेला होता. शेजारच्या इंजिनापासून त्याच्या भल्यामोठ्या चाकापर्यंत चामड्याचा पट्टा सळसळत होता, आणि त्या पट्ट्याला इतकी ठिगळे होती की मूळ चामडे कोणते ते ओळखू येऊ नये. बाया वरून टोपल्याच्या टोपल्या कणसे ओतत होत्या. एका बाजूने दाणे निघालेली रिकामी बुरकुंडे उडून पडत होती, आणि दुसऱ्या बाजूने दाणे बाहेर येत होते. पिवळेधमक दाणे. नुसती धार लागली होती, आणि त्या धारेवर ऊन पडले होते.

पलीकडे ट्रकांची रांग होती. एका ट्रकचे दार म्हणजे चक्क घराचे दार होते, कडीकोयंड्यासकट. दुसऱ्याचे स्टीअरिंग बाभळीच्या लाकडाचे, हात फिरून फिरून आरशासारखे झालेले. एकाचा भोंगा गेला होता, म्हणून चालवणारा म्हातारा खिडकीतून डोके काढून स्वतःच ओरडत होता, "सरका, सरका, लक्ष्मी आली!" ट्रक शेतातून कणसे भरून आणत, खळ्यात रिते होत, धुराचा भपका सोडत आणि पुन्हा शेताकडे वळत. कुणी कुणाला धडकत नव्हते. कुणी कुणाची वाट अडवत नव्हते.

पारख्याचे तोंड उघडे ते उघडेच राहिले. मोडक्या वस्तूंचा हा सगळा मेळा, आणि त्याचा श्वास मात्र एक! देवळात आरतीच्या वेळी माणसाच्या अंगावर काटा येतो, तसा काटा त्याच्या अंगावर आला.

थोड्या वेळाने त्याला आपण कशासाठी आलो ते आठवले. यंत्राच्या तोंडाशी पदर खोचून एक म्हातारी उभी होती. तिचे नाव भिवराबाई, पण सारे गाव तिला आत्या म्हणे, आणि खळ्यावर तिचाच शब्द चाले. पारखी तिच्याजवळ गेला आणि मोठ्याने म्हणाला, "बाई, यंत्र थांबवा. राजाची आज्ञा आहे."

आत्याने मान वर केली नाही. "थांबवते की. पण आधी ते तिकडं बघा."

पारख्याने पाहिले. पश्चिमेला परतीच्या पावसाचे ढग चढत होते, काळेकुट्ट.

"त्यांना थांबवायची आज्ञा आणलीय का राजाकडून?" आत्याने विचारले.

"नाही."

"मग खळं उरकेपर्यंत सावलीला बसा. ओलं झालं कणीस की दोन दिसांत बुरशी धरतं. भाकरी खाल्लीत का?"

पारख्याने भाकरी खाल्ली नव्हती. त्याला सावलीला बसवून भाकरी दिली, वर लसणाची चटणी दिली, आणि जो तो पुन्हा कामाला लागला. पारखी खात होता आणि ऐकत होता. त्या आवाजाने त्याला झोप यायला हवी होती. उलट तो अधिकच जागा होत गेला.

म्हणूनच त्या आवाजात झालेला बदल त्याला एकट्याला कळला. घरघरीच्या आत, खोलवर, एक बारीकसा बद्द ठोका. एकदा. पुन्हा एकदा.

"थांबवा!" तो ओरडत धावला. "यंत्र थांबवा! बायांनो, मागे व्हा!"

लोकांना वाटले, हा आता राजाची आज्ञा बजावतोय. कुणी तरी रागाने शिवी हासडली. पण आत्याने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हात वर केला. इंजिन बंद झाले. माळावर एकदम शांतता पसरली.

पारख्याने मोठ्या चाकाला हातोडीने ठोका दिला. बद्द. त्याने बोटाने धूळ पुसली. चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंत केसाएवढा तडा गेला होता. अजून थोडा वेळ ते फिरते, तर तुकडे होऊन बायांच्या अंगावर उडाले असते.

आत्या चाकाजवळ खाली बसली. आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा तिने त्यावर हात ठेवला.

"दुसरे चाक आहे का?" पारख्याने विचारले.

"कुठून असणार, दादा? असली यंत्रं आता राहिली कुठं? खालच्या गावात एक होतं, त्याच्या पलीकडं एक होतं. ती तुम्हीच नेलीत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. घडले ते तिने सांगितले, इतकेच. पण पारख्याच्या काळजात ते शब्द आरपार गेले. खालच्या गावचे ते यंत्र त्याला चांगले आठवत होते. चाकाचा नाद किती खणखणीत होता! तो नाद ऐकूनही त्याने त्याच्यावर फुली मारली होती, कारण आज्ञेत फक्त वयच लिहिले होते. आणि ते चाक आता उतारावर, त्याच्याच गाडीत पडले होते.

पण त्याच्यावर फुली पडली होती, म्हणजे ते आता राजाचे होते. राजाच्या मालाला हात लावणाऱ्याला काय शिक्षा होते, हे पारख्याला पुरते ठाऊक होते. घरी बायको होती, मुली होत्या. त्याने ढगांकडे पाहिले. खळ्यात पडलेल्या कणसांच्या ढिगाकडे पाहिले. मग डोळे मिटले. मघाचा तो आवाज त्याच्या कानांत अजून घुमत होता. तो आपल्या डोळ्यांदेखत कायमचा बंद व्हावा, हे त्याला सोसवेना.

"चार धट्टेकट्टे गडी द्या माझ्याबरोबर," तो म्हणाला. "चाक आहे."

चाक आले. जुने उतरवले, हे चढवले. हँडल मारले, इंजिनाने खोकून घेतले, पट्टा थरथरला, आणि पुन्हा सुरू झाले, टुक्-टुक्-टुक्-टुक्. साऱ्या खळ्याने एकच आरोळी ठोकली. पारख्याने अंगातला सरकारी अंगरखा काढून झाडाला टांगला, टोपले उचलले आणि तो बायांच्या रांगेत उभा राहिला. पावसाचे टपोरे थेंब पडू लागले तेव्हा शेवटच्या ट्रकवर ताडपत्री ओढली जात होती, आणि दोरीचे एक टोक पारख्याच्या हातात होते.

त्या गावातल्या एकाही यंत्रावर त्याने फुली मारली नाही.

राजधानीत परतल्यावर तो सरळ दरबारात गेला. "महाराज, मालात एक चाक कमी आहे. ते मी दिले. आणि शेवटच्या गावातून काहीच आणलेले नाही."

"का? तिथली यंत्रे म्हातारी नव्हती?"

"सगळ्यांत म्हातारी होती, महाराज."

"मग?"

"मी ती चालताना पाहिली," तो म्हणाला.

दरबार हसला. राजा मात्र संतापला. पारख्याची रवानगी तुरुंगात झाली, आणि भट्ट्या पेटल्या.

त्या वर्षी परतीचा पाऊस मुक्कामालाच आला, आणि रस्ते चिखलात बुडाल्याने माळावरच्या गावाकडे पुन्हा गाड्या जाऊ शकल्या नाहीत. गावोगाव कणसांचे ढीग लागले होते, पण मळायला यंत्रे नव्हती आणि वाहायला ट्रक नव्हते. लोकांनी दांडक्यांनी झोडपून पाहिले, नखांनी दाणे सोलून पाहिले. हात कमी पडले. ढिगांवर बुरशी चढली. राजधानीची कोठारे रिती होत गेली. बाजारात मका मिळेना. वेशीपाशी स्तंभ वाढत होता आणि त्याच्या सावलीत लोक उपाशी बसत होते.

एके दिवशी सकाळी राजा तटावर उभा होता. दूरवरून त्याला एक घरघर ऐकू आली. मग रस्त्याच्या वळणावर धूर दिसला, आणि धुरातून एकामागून एक ट्रक बाहेर आले. घराचे दार लावलेला एक, लाकडी स्टीअरिंगचा एक. भाराने पार वाकलेले, चढावर धापा टाकणारे, पण एकही थांबेना. फाळक्यांच्या फटींतून दाणे सांडत होते, आणि रस्ता मागे पिवळा होत येत होता. खिडकीतून एक म्हातारा ओरडत होता, "सरका, सरका, लक्ष्मी आली!"

सारे शहर रस्त्यावर लोटले. काही जण हसत होते, काही रडत होते. राजा तटावरून खाली उतरला आणि पहिल्या ट्रकपाशी आला. त्याने बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला.

"हा किती वर्षांचा आहे?" त्याने विचारले.

"कुणी मोजलंय, महाराज?" चालवणारा म्हणाला. "माझ्या बापाला मिळाला, तेव्हाही जुनाच होता."

ट्रकमधून आत्या उतरली. राजाने तिला हात जोडले. "माई, काय हवे ते मागा."

"आमचा माणूस तुमच्याकडं अडकलाय, तो सोडा."

"तुमचा कोण?"

"पारखी. आमच्या खळ्यावर भाकर खाल्ली, आमच्याबरोबर घाम गाळला. मग आमचाच की तो."

पारख्याची त्याच घटकेला सुटका झाली. भट्ट्या विझल्या. उरलेली यंत्रे पुन्हा गाड्यांत चढली, आणि ज्याची त्याला परत करायला पारखी स्वतः निघाला. पण अर्धीअधिक वितळून गेली होती. ज्यांची गेली, त्यांच्या दारात त्याला रिकाम्या हातांनी उभे राहावे लागले, आणि त्यांच्या नजरा त्याने मान खाली घालून सोसल्या. वितळलेले लोखंड पुन्हा मळणी करायला आले नाही. विजयस्तंभ अर्धाच राहिला, आणि तो पूर्ण करा असे पुढे कोणत्याही राजाने म्हटले नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: कुणाला निकामी म्हणण्याआधी त्याला एकदा काम करताना पाहावे.